उन्हाळ्यात गडावर मुक्काम करायचाय? सॅक हलकी करा, पाणी वाढवा

मे महिना लागला की ओळखीतल्या नवीन पोरापोरींचे फोन सुरू होतात, दादा सुट्टी आहे, गडावर एक रात्र राहून यायचंय, सामान काय काय घेऊ. आणि मग यादी वाचून दाखवतात. यादीत स्लीपिंग बॅग असते, तंबू असतो, दोन जीन्स असतात, मॅगी करायला पातेलं असतं, आणि पाण्याचं विचारलं की म्हणतात एक बाटली घेतलीये, वर मिळेलच की. हिमालयातल्या ट्रेकचे व्हिडिओ बघून केलेली यादी सह्याद्रीच्या उन्हाळ्यात चालत नाही. तिकडे थंडीशी गाठ असते आणि वाटेत ओढे वाहत असतात, इकडे थंडी जवळजवळ नाहीच आणि बहुतेक ओढे कधीच आटलेले असतात. म्हणून माझं सांगणं एवढंच की बाकी वस्तूंचं वजन जेवढं कमी करता येईल तेवढं करा आणि वाचलेलं सगळं वजन पाण्याला द्या.

हे मी शिकलो ते खिरेश्वरच्या वाटेवर. हरिश्चंद्रगडाला पहिल्यांदाच मे महिन्यात गेलो होतो, तिघं मित्र, माझी सॅक साडेतेरा किलोची आणि त्यात पाणी फक्त दोन लिटर. टोलार खिंड चढून रेलिंगच्या कातळटप्प्यावरून वरच्या पठारावर पोचेपर्यंत साडेदहा वाजले आणि पाणी संपलं. पुढे देवळापर्यंत टेकाडांमागून टेकाडं आहेत, सावली मोजकीच. एका मित्राच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मग उलटी झाली, तसे आम्ही मागे फिरलो. कसेबसे गावाच्या कडेच्या पहिल्या घरी पोचलो तर एका आजीने न विचारता पडवीत बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं, मग अजून एक, मग अजून एक. थोड्या वेळाने त्यांची सून डोक्यावर दोन हंडे घेऊन आली, घामाने निथळत होती, हंडे उतरवले तशी तिथेच भिंतीला टेकून बसली. आम्ही तिघं मिळून अर्धा हंडा प्यायलो होतो. आजी काही बोलल्या नाहीत, उलट अजून पाहिजे का विचारलं. मला मात्र तो घोट अजून आठवतो. उन्हाळ्यात या वाड्यावस्त्यांवर बायांना पाण्यासाठी किती चालावं लागतं हे आपण शहरातून आलेल्या माणसांनी लक्षात ठेवलंच पाहिजे, आपल्या पाण्याचं ओझं आपण उचलायचं, ते त्यांच्या डोक्यावर टाकायचं नाही.

आता एकेक पायरी घेऊ.

आधी गड आणि वेळ ठरवा, सामान नंतर

नवीन असाल तर उन्हाळ्यासाठी गड निवडताना तीन गोष्टी बघा: चढ दोन-तीन तासांत संपतो का, पायथ्याला गाव आहे का, आणि वर बारमाही पाणी आहे का. हरिश्चंद्रगड करायचाच असेल तर पाचनईहून करा. राजूरवरून पुढे पाचनईला जाता येतं, वाट मळलेली आहे, मधला बराच भाग उंच कड्याच्या पोटातून आडवा जातो त्यामुळे थोडी सावली मिळते, आणि सवय नसलेला माणूससुद्धा दोन-अडीच तासांत वर पोचतो. खिरेश्वरची वाट सुंदर आहे पण लांब आणि उघडी आहे, ती पावसाळा संपल्यावर करा. नळीची वाट म्हणजे याच गडाची अवघड वाट, तिचं तर नाव पहिल्या ट्रेकला काढूच नका.

कळसूबाई पण चालेल. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून वाट, कातळावर लोखंडी शिड्या. फक्त वाट जवळजवळ पूर्ण उघडी आहे म्हणून लोक रात्री चढून सूर्योदयाला माथ्यावर असतात, आणि उन्हाळ्यात तेच बरोबर आहे. राजमाची मे महिन्याच्या शेवटी करण्यासारखी, कारण तेव्हा उधेवाडीच्या आसपास काजवे असतात आणि गाव मध्येच असल्यामुळे जेवणाची, झोपायची सोय होते. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का हे निघण्याआधी गावात फोन करून विचारा, नियम बदलत असतात.

हवामान खात्याचा अंदाज आदल्या दिवशी बघायचा. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तर ट्रेक पुढे ढकला, गड कुठे जात नाही. दुपारनंतर वादळी पावसाचा इशारा असेल तरी तेच.

वेळेबाबत मी फार कडक आहे. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात अंगावर सॅक घेऊन चढायचं नाही. एकतर पहाटे पाचला चालायला लागा आणि ऊन तापायच्या आत वर पोचा, नाहीतर दुपारी गावात सावलीला पडी टाका आणि चारनंतर निघा, म्हणजे अंधार पडायच्या आत वर असाल. पौर्णिमेच्या आसपासची तारीख मिळाली तर सोन्याहून पिवळं, रात्री पठारावर टॉर्चसुद्धा लागत नाही.

पाण्याचा हिशोब

एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो, इथे काही सूट मिळत नाही. उन्हाळ्यात चढताना ताशी अर्धा ते पाऊण लिटर लागतं, जाड अंगाचा किंवा खूप घाम येणारा असेल तर जास्तच. पाचनईच्या चढाला दोन लिटर धरा, वर पोचल्यावर संध्याकाळ आणि रात्र मिळून दीड लिटर, आणि अर्धा लिटर असा राखीव ठेवा जो कोणाची तब्येत बिघडल्याशिवाय गावात परत येईपर्यंत उघडायचाच नाही. झाले चार लिटर. हे माणशी आहे, ग्रुपमधे मिळून नाही. उतरतानाचं पाणी सकाळी वरच्या टाक्यातून भरून घ्यायचं.

हे चार लिटर एकाच पाच लिटरच्या कॅनमधे घेऊ नका. कॅन आपटला, फुटला की सगळंच गेलं. एक-एक लिटरच्या चार साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. थर्मासवाली स्टीलची बाटली छान दिसते, पाणी गार राहतं, पण रिकामी असतानाच चारशे-पाचशे ग्रॅम भरते, म्हणजे तुम्ही अर्धा लिटर पाण्याऐवजी स्टील वाहताय. गार पाणी पाहिजे असेल तर आदल्या रात्री एक बाटली पाऊण भरून फ्रीजरमधे ठेवा (पूर्ण भरू नका, बर्फ फुगतो आणि बाटली तडकते), सकाळी पंच्यात गुंडाळून सॅकच्या मध्यभागी घाला, दुपारपर्यंत गार घोट मिळतो. नळीवाली पाण्याची पिशवी बऱ्याच जणांना आवडते, मला नवीन माणसासाठी ती पटत नाही, कारण सॅकच्या आत किती उरलंय ते दिसत नाही आणि एकदम सूं आवाज येऊन संपल्याचं कळतं.

नुसतं पाणी पित राहिलात तरी गडबड होते. घामातून मीठ जातं, ते भरून आलं नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, गोळे येतात. ओआरएसची दोन-तीन पाकिटं घ्या. इलेक्ट्रलचं मोठं पाकीट २१.८ ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं असतं, अर्ध्या बाटलीत अर्धं पाकीट अंदाजाने असं करू नका. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचे सपाट चमचे. घरून आमसुलं आणि लिंबं घेतली तर चवीला बरं पडतं. टेट्रापॅकमधली गोड सरबतं म्हणजे ओआरएस नाही, ती तहान वाढवतात.

वरच्या टाक्यांचं पाणी. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाच्या आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत, पण कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याचं आणि कुठल्याचं नाही हे वर झोपडी टाकून बसलेल्या पाचनईच्या लोकांना विचारा, त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी ऐन मे महिन्यातसुद्धा असं गार असतं की पाय बधिर होतात, पण ते पिंडीभोवतीचं पाणी आहे, त्यात उतरून बाटल्या भरायच्या नाहीत. टाक्यातलं पाणी आधी पंच्याच्या दुहेरी घडीतून गाळा, मग क्लोरीनची गोळी किंवा थेंब टाका, बाटलीवर जितका वेळ लिहिलाय तितका थांबा, साधारण अर्धा तास. पाणी थेट टाक्यात बाटली बुडवून घेऊ नका, आणि टाक्याच्या काठावर साबण तर अजिबात नाही.

घरी वजनकाटा काढा

आता खरा हलकेपणा. स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि एकेक वस्तू ठेवून आकडा वहीत लिहा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण एकदा कराच, कारण हातात घेऊन काही कळत नाही आणि काट्यावर सगळं उघडं पडतं. माझा टर्किश टॉवेल ४८० ग्रॅम भरला होता, त्याच्या जागी मी घेतलेला सुती पंचा ११० ग्रॅम. म्हणजे एका टॉवेलच्या बदल्यात एक ग्लासभर पाणी जास्त आणि वर काही ग्रॅम शिल्लक.

पंच्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण याच्याइतकी उपयोगी वस्तू मी महागड्या दुकानात पाहिलेली नाही. ओला करून मानेवर टाकला की अंग गार राहतं, टोपीखाली घेतला की कान आणि मान झाकते, पाणी गाळता येतं, घाम पुसता येतो, हात दुखावला तर झोळी करता येते, मधमाश्या उठल्या तर तोंड झाकता येतं, आणि झटकला की दहा मिनिटांत वाळतो. गडद रंगाचा नको, पांढरा किंवा फिका घ्या.

एका रात्रीच्या मुक्कामाला माझी सॅक अशी असते. सॅक ३५-४० लिटरची, कमरेला पट्टा असलेली, रिकामी साधारण ९०० ग्रॅम. ६० लिटरची घेऊ नका, मोठी सॅक घेतली की रिकामी जागा बघून माणूस ती भरतोच. कॅरीमॅट पातळ फोमची, अडीचशे ग्रॅम. स्लीपिंग बॅग नाही, त्याऐवजी एक सुती चादर, तीनशे ग्रॅम. हरिश्चंद्रगडाची उंची १४०० मीटरच्या आसपास आहे, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान कमी होतं, म्हणजे खाली कोकणात घामाच्या धारा असताना वर रात्री वाऱ्यावर अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, पण एवढंच. चादर आणि अंगात पातळ विंडचीटर घातला की झोप लागते. विंडचीटर अडीचशे ग्रॅम, वळीव आला तरी कामाला येतो. रात्री घालायला एक कोरडा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोज्यांचा एक जोड. हेडटॉर्च, नवे सेल घालून, प्रत्येकाचा स्वतःचा, मोबाइलचा टॉर्च धरत नाहीत कारण हात मोकळे पाहिजेत. छोटी पॉवरबँक. स्टीलचा मग आणि छोटी ताटली. शिट्टी. औषधांची पिशवी. काडेपेटी नाही. हे सगळं आणि थोडं किरकोळ धरून तीन किलो होतं. त्यात खाणं एक किलो आणि पाणी चार किलो, एकूण आठ. माझ्या त्या पहिल्या साडेतेरा किलोच्या सॅकपेक्षा साडेपाच किलोने हलकी आणि पाणी मात्र दुप्पट.

तंबूचं सारखं विचारतात म्हणून सांगतो. दोघांचा साधा तंबू अडीच-तीन किलो भरतो. उन्हाळ्यात आभाळ मोकळं असेल तर त्याची काहीच गरज नाही, उघड्यावर पडून चांदण्या बघत झोपण्यासाठी तर आपण एवढं चढतो. पावसाची शक्यता असेल तर वर गुहा आहेत, आणि शनिवार-रविवारी झोपडीवाले तंबू भाड्याने देतात. त्यांना दोन पैसे मिळतात आणि तुमच्या पाठीवरचे तीन किलो उतरतात.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. वजनासाठी तर आहेच, पण कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हे दोन्ही १९८६ पासून अभयारण्यात आहेत, तिथे रात्री रातवा पक्ष्याचा आवाज ऐकायचा असतो.

बूट आणि कपडे

बुटांसाठी मात्र पैसे खर्च करा, बाकी सगळं घरातलं चालतं. उन्हाळ्यात सह्याद्रीत सगळ्यात जास्त त्रास देतो तो घसारा, म्हणजे सुकी माती आणि तिच्यावर बारीक मुरूम, चढताना फार जाणवत नाही पण उतरताना पाय असा सरकतो की माणूस थेट बसतोच. सोल खोल नक्षीचा आणि मऊ रबराचा पाहिजे, पळायचे बूट किंवा गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्स शूज नकोत. घोट्याच्या वरपर्यंतचे जड चामडी बूट पण नकोत, पाय भाजून निघतात. बूट दुपारी किंवा संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा नंबर घ्या, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. नखं आदल्या दिवशी कापा. आणि नवीन बूट घालून थेट गडावर जाऊ नका, आधी आठ-दहा दिवस गल्लीत, बाजारात, ऑफिसला घालून फिरा.

वर्षभर कपाटात पडलेले बूट असतील तर ते हाताने वाकवून, सोल ओढून बघा. आतला चिकटवलेला भाग नुसत्या पडून राहण्याने खराब होतो आणि ट्रेकमधे अर्ध्या वाटेत अख्खा सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता सॅकमधे दोन मीटर सुती नाडी आणि थोडी कापडी चिकटपट्टी कायम असते. नाडी पंजावरून आणि टाचेवरून आडवी-उभी आवळून बांधली तर माणूस गावापर्यंत उतरतो.

कपड्यांबाबत एक मतभेद आहे. हिमालयात सुती कपडे घालू नका म्हणतात ते खरंच आहे, तिथे ओलं सूत थंडी वाजवतं. पण आपल्याकडे मे महिन्यात तेच ओलं सूत दिवसा अंग गार ठेवतं, म्हणून चढताना सैल, फिका, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट मला आवडतो, फक्त वर पोचल्यावर लगेच बदलून कोरडा घालायचा. पँट पातळ, सुटसुटीत, पूर्ण लांबीची. जीन्स नाही म्हणजे नाही, घामाने मांड्यांना चिकटते आणि काचते. मांड्या घासत असतील तर निघतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून घ्या. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली.

काठी घ्यायची असेल तर जरूर घ्या, उतरताना गुडघ्यांचा भार खूप कमी होतो. पण वाटेतली कारवी तोडून काठी करू नका.

खाणं

चूल, स्टोव्ह, गॅस काहीही नको. एक तर वजन, दुसरं त्याला पाणी लागतं, आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, उन्हाळ्यात गवत इतकं कडकडीत वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते आणि वणवा लागतो. मी एकदा वणव्यानंतरच्या सकाळी त्या उतारावरून चाललोय, पायाखाली राख, करपलेली घरटी, अर्धी जळालेली करवंदाची जाळी, आणि वास दोन दिवस कपड्यातून जात नाही. वन खातं आणि गावकरी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढून डोंगर राखायला बघतात आणि आपण शेकोटी पेटवायची, हे बरोबर नाही. सिगारेटसुद्धा नको.

घरून दशम्या घ्या, दुधात भिजवलेल्या पिठाच्या, दोन दिवस मऊ राहतात. थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, कांदा, एखादी कैरी. चालता चालता खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर. चॉकलेट वितळून हात बरबटतात. दही, पनीर, उकडलेली अंडी असलं काही उन्हात सहा तास वाहू नका. रात्रीचं जेवण पाचनईत किंवा वर झोपडीत आधी फोन करून सांगितलं तर गरम पिठलं-भाकरी मिळते, आणि ती खाल्ल्यावर दुसरं काही वाहून न्यायची इच्छाच राहत नाही. फक्त उन्हाळ्यात आडवारी बऱ्याच झोपड्या बंद असतात, म्हणून सांगितल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही. आणि करवंदं, जांभळं! वाटेत पोरं पळसाच्या पानाच्या द्रोणात विकायला बसलेली असतात, त्यांच्याकडून घ्याच.

सॅक भरणं

आधी सॅकमधे कचऱ्याची मोठी जाड पिशवी अस्तरासारखी घाला, वळीव आला तर आतलं सगळं कोरडं राहतं. तळाला चादर आणि कोरडे कपडे. त्याच्यावर, पाठीला अगदी चिकटून, पाण्याच्या दोन बाटल्या, कारण जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते. बाहेरच्या बाजूला खाणं. उरलेल्या दोन बाटल्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यात, एकाच बाजूला नाही. पिताना पण एकदा डावीकडची एकदा उजवीकडची, नाहीतर तासाभरात एक खांदा दुखतो. औषधं आणि टॉर्च सगळ्यात वर. बाहेरून काहीही लटकवू नका, मग, चपला, कॅमेरा, सगळं कारवीत अडकतं आणि कातळटप्प्यावर तोल घालवतं.

घालताना आधी कमरेचा पट्टा हाडावर घट्ट आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा. उलटं केलंत तर सगळं ओझं खांद्यावर. भरलेली सॅक घेऊन आदल्या दिवशी इमारतीचे जिने अर्धा तास चढा-उतरा, कुठे काचतंय ते तिथेच कळेल.

प्रत्यक्ष चालताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. सोबतच्या माणसाशी न धापता बोलता येईल असा वेग. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. पायात कुठे चुरचुरायला लागलं तर तिथेच थांबा, बूट काढा, मायक्रोपोरची पट्टी लावा. फोड आल्यावर लावून काही होत नाही, चुरचुरतंय तेव्हाच लावायची.

कोणाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोळे सुरू झाले तर सावलीत बसवा, सॅक आणि बूट काढा, अंगावर पाणी शिंपडा, ओआरएस घोट घोट पाजा, आणि तासाभराने बरं वाटलं तरी त्या दिवशी वर जायचं नाही, खाली उतरायचं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे आणि यात जीव जातो. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. त्या वेळी असेल नसेल ते पाणी त्याच्या अंगावर ओता, पंचा ओला करून मानेला, काखेत, जांघेत लावा, जोरात वारा घाला, शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, आणि एकाला गावात पिटाळून १०८ ला फोन लावायला सांगा. तो राखीव अर्धा लिटर यासाठी आहे.

आग्या मोहोळ उन्हाळ्यात कड्यांना लागलेली असतात. परफ्यूम, डिओ मारून येऊ नका, कड्याखाली आरडाओरडा करू नका, दगड मारू नका. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड आणि मान झाकून तिथून लांब पळा.

दुपारनंतर पश्चिमेला ढग काळे व्हायला लागले तर माथा आणि कड्याची धार सोडा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, त्याला तीनने भागा, तितके किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत असेल तर लोखंडी शिड्या, रेलिंग, एकटं झाड यांच्यापासून दूर राहायचं.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा संध्याकाळी बघा, पोटावर झोपून सरकत कडेला जा, उभं राहून वाकू नका. खालून वारा इतका जोरात वर येतो की टोपी उडून परत अंगावर येते. अंधार पडल्यावर कड्याच्या बाजूला फिरकायचं नाही, कितीही चांदणं असलं तरी.

झोपताना मॅटखालचे दगड आधी काठीने हलवून बघा, थेट हात घालू नका, विंचू असतात. बूट सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. विंचू चावलाच तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता खाली प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देऊन कोकणात कितीतरी माणसं वाचवली, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे यावर उपचार आहेत, फक्त वेळेत पोचलं पाहिजे.

सकाळी उजाडताच टाक्यावरून दोन लिटर भरा, गाळा, क्लोरीन टाका, आवरा, साडेसातला उतरायला लागा. घसाऱ्यावर पावलं छोटी, गुडघे थोडे वाकवलेले, वजन पुढच्या पायावर. मागे झुकलात की घसरलात. रिकाम्या बाटल्या आणि रॅपर सगळे खाली.

घरी आल्यावर

सॅक रिकामी करताना परत ती वही काढा आणि जे एकदाही वापरलं नाही त्याच्यासमोर फुली मारा. औषधं, टॉर्च, शिट्टी आणि विंडचीटर सोडून फुली मारलेलं सगळं पुढच्या वेळी घरीच राहील. पाण्यासमोर किती उरलं ते लिहा, तुमच्या अंगाला किती लागतं ते दोन-तीन ट्रेकमधे नीट कळतं, माझे चार लिटर तुमचे साडेचार किंवा साडेतीन असू शकतात.

ही सगळी यादी साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मे अखेरपर्यंतची. जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला की घसाऱ्याचा चिखल होतो, सुती शर्ट बाद होतो, ओढे वाहायला लागतात, तेव्हा दोन बाटल्या कमी करून त्या जागी पाँचो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले मोज्यांचे दोन जोड घाला.